तीन ग्वेलेसियानी

निवृत्तीच्या फाइलीसाठी एक पान हवं होतं:
एकूण निबंध, एकूण संदर्भ, एच-इंडेक्स.
संचालक म्हणाले, नुक्री, दहा मिनिटांचं काम.
मला नऊ दिवस लागले.

कारण मशीनला आमची लामारा ग्वेलेसियानी ठाऊकच नव्हती.
त्याला ठाऊक होत्या तिघी.
एक ग्वेलेसियानी, जॉर्जियनमधून सरळ उतरलेली.
एक ग्वेलेस्यानी, रशियनचा वळसा घालून आलेली.
आणि एक नुसती ग्वेलेसियान,
जर्मन छापखान्यात शेवटचा स्वर गळालेली,
खात्यावर एकच निबंध, अठ्ठ्याऐंशी सालचा.
शिवाय कुताइसीचा कोणी दंतवैद्य, तोही एल. ग्वेलेसियानी,
त्याच्या दाढांचे अठरा संदर्भ
बाईंच्या अल्कलॉइडांत बेमालूम मिसळलेले.
दाढा मी उपटल्या.
एच-इंडेक्स एकाने उतरला.

यादीत सगळ्यात वर जो निबंध,
चारशे बारा जणांनी ज्याचं नाव घेतलं,
त्यात बाई अकरांपैकी सातव्या.
काय केलंत त्यात, मी विचारलं.
"ईथर कोरडं करून दिलं."
मग थोडं थांबून,
"पण नीट कोरडं केलं होतं."

आणि तळाशी,
संस्थेच्या वार्तापत्रात, राखाडी कागदावर चार पानं.
ब्याण्णव-त्र्याण्णवचा हिवाळा.
तिबिलिसीत वीज नाही, गॅस नाही,
बागेतली बाकं लोकांच्या शेगड्यांत गेलेली,
प्रयोगशाळेतला यूव्ही दिवा म्हणजे नुसता काचेचा दांडा.
स्नोड्रॉपच्या कंदांचा अर्क पट्टीवर चढवून
बाईंनी ती लोणच्याच्या बरणीत उभी केली,
तळाशी आयोडीनचे चार खडे,
आणि बरणी कोटाच्या आत, पोटाशी धरून बसल्या.
ऊब लागली तशी जांभळी वाफ उठली,
पट्टीवर तपकिरी ठिपके आले.
पाच.
पुस्तकात चार होते.
ते विरायच्या आत झुराबने पेन्सिलीने भोवती रेघ ओढली,
दुसऱ्या हातात मेणबत्ती.

त्या पाचव्याचं नाव काढणारं जगात कोणी निघालं नाही.
संदर्भ: शून्य.
मी म्हटलं, स्वतःच द्यायचे होते दोन-चार, सगळेच देतात.
"आपली पाठ आपण थोपटायची?
करून बघ, नुक्री. हात पोचत नाही."
मग म्हणाल्या, "शेवटी आभारात झुराबचं नाव आहे.
ते धरतं का तुझं मशीन?"
नाही धरत.
"बरं."

नवव्या दिवशी तिघींना एक करायचं बटण सापडलं.
पण ते ज्याचं त्यानेच दाबायचं असतं.
बाई दुसऱ्या मजल्यावर चढून आल्या,
कोट न काढता खुर्चीच्या कडेला टेकल्या.
पडद्यावर प्रश्न होता:
या तिन्ही व्यक्ती तुम्हीच आहात का?

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"ही मॉस्कोहून आलेली, ही मीच.
परिषदेत हिला शेवटची सात मिनिटं दिली होती,
आणि तेव्हा सगळे जेवायला गेले होते.
घे हिला."
मग बराच वेळ तिसरीकडे पाहत राहिल्या.
हिला लाइपझिगहून पत्र आलं होतं, म्हणाल्या,
खोली, पगार, दोन मदतनीस.
आई अंथरुणाला खिळलेली होती, तेव्हा उत्तर राहूनच गेलं.
"हिला असू दे वेगळी."

मी म्हटलं, बाई, हिला घेतलं तर एच-इंडेक्स एकाने चढतो,
दंतवैद्यापायी गेलेला परत येतो.
"एकच तर निबंध आहे तिचा," त्या म्हणाल्या.
"तो कशाला काढून घ्यायचा?"

फाइल गेली, आकडा एकाने कमी.
काल कुताइसीहून पत्र आलं, सुवाच्य अक्षरात:
माझ्या खात्यावर अचानक अठरा संदर्भ जमा झालेले दिसतात,
कृपया कळवावे, आभार कोणाचे मानायचे.